आटे

एकतीस वर्षं मी खडकीच्या कारखान्यात फिटर होतो,
म्हणून डॉ. तांबोळींनी एक्स-रे उजेडावर धरला
तेव्हा समजावून सांगावं लागलं नाही.
स्क्रू खुब्याच्या गोळ्यातून वर आला होता,
ओल्या भिंतीतून खिळा यावा तसा.
"आटे धरत नाहीत," मी म्हणालो.
ते जरा थांबले. "धरायला हाडच उरलं नाही."

कुमुद मोरीच्या उंबऱ्यावर पडली फेब्रुवारीत.
रॉड मेपर्यंत टिकला.
आता तो काढायचा, गोळा कापायचा, नवा सांधा बसवायचा.
वय एकोणऐंशी, साखर, हृदयाचं पंपिंग चाळीस टक्के.
संमतीच्या कागदावर छापलेलं होतं:
रक्तस्राव, जंतुसंसर्ग, गुठळी, सांधा निखळणे.
पाचवी ओळ मी अंगठ्याखाली झाकली
आणि सही केली.

एकदा कातलेला तुकडा पुन्हा लेथवर चढवला
की माल कमीच होतो.
हे मी कुणाला बोललो नाही,
तळेगावहून आलेल्या लेकीला तर नाहीच.

साडेचार तास. तीन बाटल्या रक्त.
दुसऱ्या रात्री कुमुद मला ओळखेना.
"मास्तर, पेपर ओढू नका, एक गणित राहिलंय."
म्हटलं, सोडव, वेळ आहे.
ती बोटानं चादरीवर आकडे मांडत राहिली,
हातचा विसरली, रडली.
सिस्टर म्हणाल्या, या वयात होतं, उतरतं.
पाचव्या दिवशी तिनं विचारलं,
दूधवाल्याचे पैसे दिले का?
इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

मग टाक्यांतून पाणी. मग ताप.
पुन्हा उघडून धुतलं. सहा आठवडे शिरेतून औषध.
समोरच्या खाटेवरच्या बाई याच वाटेनं चालल्या होत्या.
बुधवारी त्यांची गादी गच्चीत उन्हात दिसली.
कुमुदला सांगितलं, घरी गेल्या.

डावा पाय पाऊण इंच आखूड झाला.
मी माझ्या पोलादी पट्टीनं मोजला,
चप्पल खडकी बाजारात सातपुत्यांकडे नेली.
"एकीचाच तळ वाढवायचा?"
एकीचाच.

आज ती वॉकर घेऊन ओट्यापर्यंत आली.
सोळा पावलं, मध्ये दोनदा थांबून.
मी मागे, हात पुढे, पण न लावता,
दुरुस्त केलेलं मशीन पहिल्यांदा चालू करून
कान देऊन उभा राहायचो, तसा.
"काय ऐकताय?" तिनं न वळता विचारलं.
काही नाही म्हटलं.
"मग लायटर द्या इकडे."