पाणकणीस

दागानापाशी सेनेगल नदी दिसेनाशी झाली
तेव्हा बाबांनी होडी उलटी घातली.
पाणकणसानं पाणी गिळलं;
त्यांनी त्याचं नाव घेणंच टाकलं.

मी तेच कापून आणते, कंबरभर गाळातून,
जळवा सोडवत.
चिरते, वाळवते, चिखलात मळते.
पहिल्या तीन फळ्यांना बुरशी,
चौथी पेंदाच्या बकरीनं खाल्ली.

आता पत्र्याच्या खोलीला आतून
त्याचंच अस्तर, वीतभर जाड.
बाहेर चव्वेचाळीस. आत
पारा चौतिसावर अडून बसलाय.
"बिघडलंय तुझं यंत्र," बाबा म्हणतात.

दुपारी मात्र चटई घेऊन तिथंच येतात.
झोपेत हात भिंतीकडे सरकतो,
खरबरीत धागे चाचपतो,
अंधारात
जाळ्याला काही लागलंय का
पाहावं तसा.