काळं आलं तर चांगलं

किरुनाच्या खाणीत एकतीस वर्षं
लोखंड उपसलेला माणूस, आर्विद नीएमी,
उमेओच्या इस्पितळात बाही वर सारून बसलाय
आणि आता लोखंडच त्याच्यात उतरतंय,
थेंब थेंब,
कोऱ्या चहाच्या रंगाचं.

हिलेवी समजावते:
हे कण इतके बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत
दोन हजार तरी रांगेनं मावतील.
नुसते सोडले तर एकमेकांना चिकटतात,
यकृत त्यांना दारातच धरतं.
म्हणून प्रत्येकावर साखरेचा थर.
(तिळावर पाक चढवतात तसा,
मंद आचेवर, हात न थांबवता.
हिलेवीला हलवा ठाऊक नाही, ही उपमा माझी.)

"म्हणजे साखर लावून फसवायचं."
"फसवायचं नाही. ओळख पटायला थोडा उशीर करायचा."

रात्री दीडला तो जागा झाला, घड्याळ न बघता.
किरुनात या वेळी खाली सुरुंग उडतो,
कपाटातल्या बशा किणकिणतात
आणि गाव कूस बदलून पुन्हा झोपतं.
इथे काहीच हललं नाही.
त्यानंच जाग आली.

तोवर आत
पांढऱ्या पेशी साखरेमागे जाऊन
लोखंड गिळून बसल्या होत्या,
ज्या गाठी निरोगी त्यांच्यात.
जिथे दुसऱ्याच कुणी बस्तान मांडलंय
तिथे गिळायला कुणी उरलं नव्हतं.

सकाळी यंत्राचा ठणठणाट.
काचेपलीकडे हिलेवी पडद्यावर मोजते:
काळी. काळी. ही पण काळी.
बाळाच्या गालावर तीट दिसावी
तसा दर खेपेला तिचा खांदा सैल होतो.

नववी पांढरी.
तांदळाच्या कणीएवढी.
ती मागे जाते, पुढे येते,
उजेड कमी करून बघते.
पांढरीच.

बाहेर तो वाकून बूट घालतोय.
"सापडलं का लोखंड?"
"बहुतेक सगळीकडे," ती म्हणते.
"डॉक्टर गुरुवारी बोलतील."

"बहुतेक" तो दाताखाली खडा आल्यासारखा
जरा वेळ तोंडात ठेवतो.
मग नाडीची गाठ मारत म्हणतो,
"आमच्यात लोखंड संपलं
की तिथलं खणणं थांबवायचे."

दुसरा बूट.

"तुमचं तिथूनच सुरू होतं, नाही?"