मासळी वर्ज्य

मालवणच्या डॉक्टरनं चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं:
मीठ नाही. मासळी नाही. सुकी तर नाहीच.
मऊ भात, लाल भोपळा,
अंड्याचा पांढरा भाग, तोही अर्धा.
सकाळी अनशापोटी एक गोळी,
जेवणातून दोनदा ती जाडी पांढरी,
रात्री तांबडी, पाव.
पाव कशी करायची, मी विचारलं.
सुरीनं, तो म्हणाला.

घरी येऊन कागद खिळ्याला अडकवला,
कॅलेंडरवर, भरती-ओहोटीच्या वेळा झाकून.
बोयानं त्याचा वास घेतला
आणि उंबऱ्यात जाऊन पडला.

बारा वर्षांपूर्वी रापणीच्या जाळ्यांत
थर्माकोलच्या बोयाला बिलगून झोपलेला सापडला,
म्हणून हे नाव.
तेव्हापासून पेडव्याच्या डोक्याशिवाय
एक दिवस गेला नव्हता त्याचा.
होडी कोणाची, ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचा,
पाटीत काय, ते पाटी उतरायच्या आधी.

अशा नाकापासून मी गोळी लपवणार.

भातात लपवली.
ताटली चाटूनपुसून लख्ख,
गोळी कडेला, धुतल्यासारखी.
भोपळ्यात लपवली. भोपळाच राहिला.
रताळ्यातून गेली, सलग दीड दिवस, मी हरखले.
मग केर काढताना पाटाखाली सापडल्या तीन,
एका ओळीत.

रविवारी रात्रभर ओकला.
पहाटे न्हाणीमागे मला मिळाली
बांगड्याची शेपटी, तळलेली, रव्यासकट.
ती तशीच हातात धरून ओट्यावर आले.
बुधाजी जाळं शिवत होता. मान वर केली नाही.
"एकच दिलंय गो. दुसरी तेना टाकल्यान.
बघवना माका तेच्याकडे."
सुई थांबली, परत चालू झाली.
मी काही बोलले नाही.
शनिवारी कालवणाचं बोट
मीच चाटू दिलं होतं.

लिलावाहून आले की हात मी तीनदा धुते,
साबणानं, चिंचेनं, मग राखेनं.
वास जात नाही.
एसटीत शेजारची बाई सरकून बसते,
मी खिडकीबाहेर बघते.
त्या सोमवारी दोनदाच धुतले, राख राहू दिली.
गोळी दोन बोटांत धरली,
भातात नाही, भोपळ्यात नाही,
आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले.
नाकपुड्या हलल्या. उठला. आला.
तीस वर्षांची मासळी तो चाटत गेला
नखांच्या कडेकडेनं,
आणि जिभेच्या मुळाशी गोळी सरकली.
जबडा मिटून धरला, गळा चोळला.
गेली.

चिठ्ठीत मासळी नाही म्हटलंय.
वासाबद्दल काही लिहिलेलं नाही.

मिठाचं मात्र मला जमत नाही.
दोरीवरचे कपडे खारेच सुकतात.
दाराची बिजागरी, सायकलची साखळी,
सगळं ह्या वाऱ्यानं खाल्लंय.
संध्याकाळी बोया ओट्यावर पडतो,
वारा त्याच्या अंगावरून जातो,
आणि तो आपलाच पंजा चाटत राहतो,
हळूहळू, चवीनं.
हे डॉक्टरला कसं सांगायचं.

पाकिटात अकरा उरल्यात.
तांबडीचे पाव करताना चुरा होतो,
तो मी बोटानं टिपून घेते.

काल अंधार पडल्यावर खाडीच्या तोंडाशी
इंजिन वाजलं.
बोयाचा एक कान उठला.
"कोणाची रे?" बुधाजीनं विचारलं, त्यालाच.
आम्हां दोघांना ओळखता आली नाही.
त्यानं शेपटी आपटली,
दोनदा.