मीटरमागे दहा मिलिमीटर

बेळगावला, उद्यमबागेतल्या फौंड्रीत
माझं टेबल बिलांचं.
त्याच्यापलीकडे, भुशात, बसलिंगमामा बडिगेरांचं बाक.
लाकडाचे पॅटर्न करतात ते,
लोखंड ओतण्याआधी वाळूत जे दाबतात, ते.

मोतीबिंदू उतरल्यापासून
वहीऐवजी फोनला सांगतात.
नोंदींचं ॲप ऐकतं, लिहून घेतं.
तीन वर्षांच्या नोंदी झाल्या एकाखाली एक
आणि कुठला पॅटर्न कुठल्या फळीवर, सापडेना.
"तू काँप्युटर शिकलीस नव्हं, बघ की गं."

म्हणून वडगावात, रात्री,
शेजारचे माग थांबल्यावर
मी एक छोटं पान बांधायला घेतलं:
शोधायला एक चौकोन, बोलायला एक बटण, बास.

पहिला आठवडा दारातच गेला.
किल्ली मागितली, मिळाली,
दाखवली तर उत्तर: ४०१. ओळख पटत नाही.
पुन्हा ४०१.
आई म्हणाली, आधार लिंक कर.
चूक माझीच होती. किल्लीच्या टोकाला
एक रिकामी जागा चिकटून आली होती,
परकराला कुसळ येतं तशी.

मग नोंदी आल्या. शंभरच.
मला वाटलं, मामा एवढंच बोलले असतील,
तसे ते कमीच बोलतात.
दोन दिवसांनी दिसलं, उत्तराच्या तळाशी, बारीक:
आणखी आहे: होय.
सोबत पुढच्या पानाची खूण.
खूण परत द्यायची, की पुढचे शंभर.
पुन्हा होय. पुन्हा होय.
मी मागच्या मार्चपर्यंत गेले. त्याच्याही मागच्या दिवाळीपर्यंत.

चौकोनात 'उद्या' लिहिलं. नोंदी चार.
मामांचं तर सगळंच काम उद्याचं!
वाचत बसले तेव्हा कळलं,
चिडले की ते मराठीत बोलतात,
निवांत असले की कन्नडात,
आणि फोन बिचारा सगळं देवनागरीत उतरवतो:
नाळे पंपाचं झाकण. नाळे एरडु पुली.
'बेड' म्हणजे खाट नव्हे. नको.

'नाळे' लिहिलं. एकशे त्र्याण्णव.

मग एक फाइल केली, नुसत्या जोड्यांची.
नाळे, उद्या. एरडु, दोन. साकु, पुरे.
कपाटाला जोडी लागली नाही.

काही नोंदींना फळीच नव्हती.
'इंद्रव्वाचा चष्मा, डावा दीड, उजवा दोन.'
'आज ओतलं नाही. वीज नाही. बसून होतो.'
त्या गाळायला एक ओळ लिहिली,
खोडली, पुन्हा लिहिली.
मामांची पट्टी आठवली.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून त्यांचा मीटर मुळातच दहा मिलिमीटर लांब.
"नेमकं मोजशील तर कमी पडतंय," म्हणतात.
ओळ खोडली.

शनिवारी फोन त्यांच्या हातात दिला.
अंगठ्याला भुसा. काच दोनदा पुसली.
"तीन पायांचा पंप," म्हणाले, दमदाटी केल्यासारखं.
मी वाचून दाखवलं: खिडकीकडची वरची फळी.
खाली त्यांचंच वाक्य:
तिथं पाल असते, हात सांभाळून.

मामा शिडीवर चढले.
पाल होती. पॅटर्न नव्हता.
"हां, तो काल मीच खाली आणलोय की,"
म्हणाले, आणि शिडीवरूनच
फोन तोंडाशी धरून
नवी नोंद सांगायला लागले.