दुतोंड्याच्या गळ्यापर्यंत

समदने ती लेव्हल बांधली तेव्हा
आम्ही दोघं बारावी नापास होतो,
तो गणिताने, मी हट्टाने.
भांडी बाजारात आमच्या दुकानाच्या माळ्यावर
एक जुना कॉम्प्युटर, पंख्याखालीही तापणारा.
खाली अण्णा गिऱ्हाइकाला तांब्या वाजवून दाखवत:
टण्ण.
तो आवाज समदने फोनमध्ये धरला
आणि नाण्याला दिला.
अजूनही जगात कुणी ते नाणं उचललं की
आमचा तांब्या वाजतो.

सुरुवात रामसेतूवरून.
मग बोहोरपट्टीची चढण.
तिथे डावीकडे जायचं नाही
(जायचंच असेल तर जा,
एक गाय आहे, ती हलत नाही).
मग आमचं दुकान: हंडे, घागरी, पराती,
उतरंडीवरून उतरंडीवर उडी,
आणि खालून गंगा चढत राहायची.
किती चढली ते आकड्यात नव्हतंच.
कोपऱ्यात दुतोंड्या मारुती उभा केला होता त्याने.
गुडघे. कंबर. छाती.
गळा म्हणजे खेळ संपला.
मी म्हटलं, बाहेरच्यांना काय कळणार?
तो म्हणाला, बुडाले की कळेल.

नियम असा की
बनवणाऱ्याने स्वतः एकदा पार केल्याशिवाय
लेव्हल लोकांना देता येत नाही.
हा नियम मला फार आवडतो.
गणिताचा पेपर काढणाऱ्यांना तो लावायला हवा,
कॉलेज रोडवर गतिरोधक घालणाऱ्यांना,
स्थळं घेऊन येणाऱ्या माझ्या मामांना.

समद नऊ रात्री बुडाला.
दहाव्या रात्री तीन वाजून वीस मिनिटांनी
छतावर पोचला,
आणि ओरडला नाही, खाली अण्णा झोपलेले.
माझ्या पाठीत एक चापट मारली फक्त.
ती अजून आहे.

मग ती गेली, लोकांत.
पहिल्या महिन्यात सहा हजार जण बुडाले.
जो जिथे बुडाला तिथे लाल फुली उमटते.
सगळ्यात जास्त फुल्या तिसऱ्या परातीवर,
जी आम्ही जरा कलती ठेवली होती,
कारण खरी तशीच होती.
पोलंडचा कुणी, ब्राझीलची कुणी
आमच्या परातीवरून घसरत होते
आणि अण्णा खाली म्हणत होते, आज भवानीच नाही.

एकाने आमची लेव्हल उचलून आपली केली.
पाणी काढून लाव्हा भरला,
दुतोंड्याच्या जागी एक घड्याळ.
समद दोन दिवस कुणाशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला,
गाय ठेवली रे त्याने.

परवा अंबडहून शिफ्ट सुटल्यावर तो दुकानात आला.
आता गल्ल्यावर मी बसतो.
सोबत त्याची मेहविश, सहा वर्षांची,
हातात अर्धं खाल्लेलं कणीस.
फोनवर उघडली लेव्हल.
अकरा वर्षं झाली. पार केलेले: एक.
तो एक म्हणजे हाच.

समदने बोटांचं ग्रीस पँटला पुसलं, बसला.
पहिल्याच घागरीवरून गेला.
परत गेला.
दुतोंड्याच्या कंबरेपर्यंतही टिकला नाही.
मी कशी केली होती रे ही?
मला कुठे आठवतंय,
मला चापट आठवते.

मेहविशने फोन ओढून घेतला.
डावीकडे गेली, जिथे जायचं नाही.
गाईवर चढली आणि उभी राहिली.
आम्ही दोघांनी एकदम सांगितलं, अगं बुडशील.
गुडघे. कंबर. छाती.
पाणी गाईच्या पाठीला टेकलं
आणि गाय
पाण्याबरोबर वर यायला लागली.
हलत नाही म्हणून कुणी तिला
खिळवायचंच विसरलं होतं.
छत आलं. पोरगी उतरली.

टण्ण.

हा रस्ता मी ठेवलाच नव्हता,
समद म्हणाला, एकदा मला, एकदा फोनला.
ती तोवर
गाईसाठी नाव शोधत होती.