दोन जागा सोडून

उदगीरला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत
खाली तुरीची आडत, वर आमचं ऑफिस.
पोतं आपटलं की मॉनिटर हलतो.

प्रोजेक्ट चार. पतसंस्थेचा, वजनकाट्याचा,
एका शाळेच्या फीचा,
आणि रक्तपेढीचा, ज्याचे पैसे अजून यायचेत.
नियमांची फाइल चारही ठिकाणी एकच, असं आम्ही म्हणायचो.
म्हणजे कुणीतरी कधीतरी एकीची नक्कल दुसरीत डकवली,
मग जो तो आपल्या सोयीनं
एखादा नियम झोपवत गेला.
पतसंस्थेत ओळ शंभर अक्षरांवर तुटायची,
शाळेत ऐंशीवर,
काट्यात तुटायचीच नाही, मान दुखायची.
मन्मथची अवतरणं एकेरी, माझी दुहेरी,
आणि तहसीन टॅब मारायचा,
करंगळीनं, न बघता.

भांडण कधी व्याजाच्या गणितावर झालं नाही.
अर्धविरामावर व्हायचं.
"कामून बदलूलालीस माझी ओळ?"
"मी नाही रे, माझा एडिटर बदलूलालाय."

खाली दरसाल वजनमापांचा इन्स्पेक्टर येतो.
वजनाच्या पोटातल्या शिशावर
या वर्षाचं अक्षर ठोकतो,
शेजारच्या दुकानातही तेच.
सिद्रामप्पा कुरकुरत पैसे मोजतात:
"फी घेतंय मेलं, पन भांडण मिटतंय बग."

दिवाळीआधीच्या शनिवारी, इन्व्हर्टरवर,
मी नियम वेगळे काढले.
पस्तीस होते. कारण सांगता येईना ते चौदा वगळले,
उरलेल्यांचं एक छोटं पॅकेज बांधलं,
नाव ठेवलं शिक्का.
चारही प्रोजेक्टांत आता एवढीच ओळ:
शिक्क्यातून घे.

चालवून पाहिलं.
काट्यात चार हजार तीनशे बारा चुका,
पडदा वाळवणाच्या मिरच्यांसारखा लाल.
म्हटलं, कर सगळं सरळ.
साडेसहा सेकंदांत टॅब गेले,
दोन दोन मोकळ्या जागा आल्या,
अवतरणं एकेरी झाली (मन्मथनं नंतर पेढे मागितले).
मी खुर्चीत मागे रेलून बघत बसले.
भांग पाडलेल्या पोरांचा वर्ग.

सोमवारी काट्यावर ट्रक अडला.
ओलाव्याची कपात चुकत होती.
ही ओळ कुणाची, गिटला विचारलं.
तुझी.
वरची? तुझी.
खालची?
सहा वर्षांचं काम, प्रत्येक ओळीपुढे माझंच नाव,
शनिवार, रात्रीचे अकरा वाजून चार मिनिटं.

तहसीन मार्चमध्ये हैदराबादला गेला,
जाताना वही ठेवली नाही, चिठ्ठी नाही.
होतं ते ओळींमागच्या नोंदींत होतं,
आणि तिथे आता मी
पाय पसरून बसले होते.

शोधलं. उपाय असतो.
एक यादी ठेवता येते:
हे बदल मोजू नका, यांनी फक्त घड्या घातल्या.
शनिवारचा चाळीस अक्षरी आकडा तिच्यात टाकला,
पुन्हा विचारलं,
आणि ओळीओळीवर तहसीन.
"रात्रीचे दोन. भिजलेल्या तुरीसाठी. अप्पा खाली उभे आहेत."
"काल चुकलो. आज बरोबर असावं."

त्यातच सापडलं ते ओलाव्याचं कोष्टक,
त्यानं जागा मोजून मोजून मांडलेलं,
खतावणीसारखं, बाराखाली तेरा, तेराखाली चौदा,
पुढे सरळ रकान्यात दर.
माझ्या सरळ करण्यानं
ते एका उभ्या रांगेत सांडलं होतं,
आणि मन्मथ सकाळी तेराचा दर बदलायला गेला
तर त्या रांगेत त्याच्या हाती चौदाचा लागला.

जुनं कोष्टक जसंच्या तसं आणून ठेवलं.
वर शेरा लिहिला, यंत्राला समजेल असा:
याच्या पुढचं सोड.
शिक्क्यात असं काही नव्हतं.

त्याचा फोटो तहसीनला पाठवला.
उत्तर रात्री आलं:
"इथं टॅबच चालतंय. मजेत हाव."

खाली पोतं आपटलं.
त्याची खुर्ची अजून तिथेच,
माझ्यापासून दोन जागा सोडून,
तिच्यावर सध्या यूपीएसचा खोका.