चाकं काढलेली गाडी

ओझरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
मी विमानांची चाकं बसवली.
उतरताना जमिनीला आधी टेकतो, तो भाग माझा.
निवृत्तीनंतर लिलावात एक जुनी रुग्णवाहिका घेतली,
तिच्यात पलंग, ओटा, दुधी काचेची खिडकी,
शैलजानं शिवलेले लिंबूरंगी पडदे,
आणि जलालपूरला, गोदावरीच्या काठी
रंगनाथ थेट्यांच्या कॅम्पात नेऊन उभी केली.
महिना अठराशे. वीज वेगळी.

टायर उन्हानं तडकतात
म्हणून चाकं काढून शेडमध्ये ठेवली,
गाडी विटांवर घेतली, पाणसळ लावून.
बुडबुडा बरोबर मधे.
किती अभिमान होता मला त्या बुडबुड्याचा.

थेटे म्हणायचे, काका, वर धरण आहे ना,
नदी आता नळासारखी झालीय.
नळ कोणाच्या हातात, हे मी विचारलं नाही.

नकाशावर दोन रेघा असतात,
निळी आणि लाल.
निळीच्या आत नदी येते,
लालच्या आत कधीतरी येते.
आमची जागा दोन्हींच्या मधली,
म्हणजे आमचा पत्ता : कधीतरी.
विमेवाल्यानं त्या रेघांवर पेन टेकवलं,
माझ्याकडे बघितलं
आणि निमूट चहा संपवला.

शहर पूर मोजतं दुतोंड्या मारुतीच्या अंगावर,
गुडघा, कंबर, छाती.
आमच्याकडे मारुती नव्हता. उंबर होता.
रखवालदार काशीराम बेंडकोळी एकदा म्हणाला, वर बघा, साहेब.
माझ्या डोक्याच्या दोन हात वर, फांदीच्या बेचक्यात
वाळकं गवत, एक चिंधी, लहान मुलाची चप्पल.
मी म्हटलं, पोरांनी फेकली असेल.
तो काही बोलला नाही.
त्याची स्वतःची खोपी टेकाडावर होती,
नदी दिसत नाही त्या अंगाला.

ऑगस्टात फोन आला, रात्री पावणेदोनला.
पाच हजार क्युसेकला आम्ही फोटो काढायचो,
दहाला खुर्च्या आत घ्यायचो.
काशीरामनं आकडा सांगितलाच नाही.
म्हणाला, बाईंना उठवा.

चाकं शेडमध्ये. शेडला कुलूप. किल्ली गाडीत.
गाडीत कुठे?
गुडघाभर पाण्यात मी पाना चाचपडतोय,
एका चाकाला सहा नट, चाकं चार,
चोवीस नटांना किती मिनिटं, असा हिशोब करतोय,
तेव्हा शैलजानं माझी कॉलर धरली.
लग्नाला सदतीस वर्षं. कॉलर पहिल्यांदा धरली.

टेकाडावरून पाहिलं.
पाणी आरडाओरडा करत आलं नाही.
नवा भाडेकरू सामान आणतो तसं आलं,
एकेक वस्तू आत ठेवत.
मग गाडी विटांवरून सुटली,
जराशी कलली, सावरली,
निघाली.
आतला बॅटरीवरचा दिवा चालूच राहिला होता.
पडदे ओढलेले, आत कोणी नाही,
आणि उंबराला वळसा घालून
आमचं घर अंधारात चाललेलं.
शैलजा म्हणाली, बघा, शेवटी फिरायला निघाली.
आणि हसली.
बराच वेळ ते थांबेना,
तेव्हा कळलं की ते हसू नव्हतं.

सापडली चांदशीच्या अलीकडे, बाभळींत, आडवी.
ओट्यावर वीतभर गाळ, गाळात एक जिवंत खेकडा.
गॅसचा सिलिंडर मिळाला नाही.
खाली कुठेतरी, कोणाच्या तरी काठाला
तो अजून पडलेला असेल,
या विचारानं मी अधूनमधून जागा होतो.

आता दुसरी घेतलीय, लहान.
मखमलाबादच्या चढावर असते, समोर द्राक्षांचा मांडव.
तोंड रस्त्याकडे, किल्ली खिळ्याला,
सिलिंडर साखळीनं बांधलेला.
पाहुणे म्हणतात, इथून नदी दिसत नाही हो.
शैलजा त्यांना पोहे वाढते.

चाकं जागेवर आहेत. दर रविवारी हवा बघतो.
काशीराम अजून फोन करतो, धरणातून सोडलं की.
आकडा सांगतो,
आणि मी लिहून घेतो
वहीत, दुधाच्या हिशोबाखाली.